प्रतिसाद: मोठा जिताडा सोडायचा की ठेवायचा?

खडकावर उभं राहून गळ टाकणाऱ्यांमुळे समुद्राला काय फरक पडतो, ट्रॉलरवाल्यांना सांगा, असं वर दोघांनी लिहिलंय. ट्रॉलरबद्दल दुमत नाही. पण जिताडा या खाडीतल्या माशाचा हिशोब वेगळा आहे.

जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, चांगला वाढला की मादी होतो. म्हणजे फोटो काढायला आपण जो सगळ्यात मोठा मासा उचलतो, ती बहुतेक वेळा अंड्यांवर येणारी मादीच असते. त्यात पावसाळ्यात ती अंडी घालायला खाडीच्या मुखाशी येते आणि नेमके तेव्हाच आपण तिथे बसलेले असतो. 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी यांत्रिक नौकांना आहे, गळाला नाही. म्हणून ते दोन महिने जिताड्यामागे न जाणं आपणच ठरवायला हवं.

2023 मध्ये महाराष्ट्र राज्याने माशांच्या 54 जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. गळाच्या पिशवीत एक मोजपट्टी ठेवाच.

सोडायचा तर नीट सोडा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकला की गळ झटकन निघतो. हात ओले करा, कल्ल्यात बोटं घालू नका, जड मासा तोंडाला धरून लोंबकळवू नका, पोटाखाली हात द्या. गळ खोल गिळला असेल तर ओढाताण न करता दोरी तोंडाजवळ कापा.

आणि खडकात अडकलेली तंगूस (गळाची नायलॉन दोरी) शक्य तितकी गोळा करून घरी न्या. बगळ्यांचे पाय त्यात अडकतात.