सरळ लिंक हातानं टाका म्हणे!

थीमवाला_बंड्या: काल इथे एकाने ज्ञान पाजळलं, "घोस्टच्या (ब्लॉग-मासिकं चालवायचं सॉफ्टवेअर) थीममध्ये, म्हणजे साइटच्या साच्यात, सोशल लिंकसाठी हेल्पर (खात्याच्या नावावरून पूर्ण पत्ता बनवणारा तयार कोड) म्हणजे उगाच फापटपसारा, हातानं लिंक टाका." अहो, दहा लेखक असलेल्या साइटवर टाकून दाखवा. प्रत्येक सोशल साइटचा पत्ता वेगळा: मॅस्टोडॉनला ज्याचा त्याचा सर्व्हर, ब्लूस्कायला मध्ये 'प्रोफाइल', टिकटॉकला नावाआधी @. आणि जुलै 2023 मध्ये ट्विटरचं एक्स झालं तेव्हा कोण बसलं होतं फाइली शोधत? मी!

कोकणी_कंस: ते लिहिणारा मीच. जुना पत्ता आपोआप नव्यावर जातो, शोधत बसायला सांगितलं कोणी? आणि तुमचा लाडका ट्विटर_युआरएल हेल्पर, लेखकाने खातं भरलं नसेल तर गुपचूप साइटचं खातं चिकटवतो. आमच्या एका लेखिकेच्या फोटोखाली आठ दिवस मासिकाचं खातं होतं, तिच्या लेखावरच्या शिव्या संपादक खात होते.

थीमवाला_बंड्या: भोवती 'इफ', म्हणजे 'खातं भरलं असेल तरच दाखव' ही अट, लावायचा राहिला तुमचा. हेल्परवर का ढकलता?

कोकणी_कंस: मग 'इफ' मीच लावायचा, मॅस्टोडॉनवर साइट आपलीच असल्याची हिरवी खूण हवी तर लिंकमध्ये रेल-मी ('हे खातं माझंच' सांगणारा शब्द) मीच लिहायचं, हेल्पर नुसता पत्ता देणार. मोठा आला मदतनीस!

सातारकर_मावशी: तुमचं चालू द्या, पण व्हॉट्सअॅप कुठाय यात? टिकटॉक भारतात 2020 पासून बंद, तरी त्याची सोय आहे, आणि आमचे सगळे वाचक जिथे आहेत त्याची नाही.

थीमवाला_बंड्या: मावशी, तो फोन नंबर असतो, प्रोफाइल नव्हे.

सातारकर_मावशी: नंबरचीसुद्धा लिंक होते की! फक्त 91 लावायचं, अधिकचं चिन्ह नाही, नंबराआधीचा शून्य नाही. आमच्या पोराने शून्य ठेवला, महिनाभर लिंक उघडेना आणि मला वाटलं वाचक रुसले.

कोकणी_कंस: बघा, हातानं टाकली तरी चालते.

थीमवाला_बंड्या: चालते?? महिनाभर बंद होती म्हणतायत त्या! नीट वाचत जा हो.

सातारकर_मावशी: चालू झाली तेव्हा रोज पहाटे पाचला गुड मॉर्निंगची फुलं यायला लागली. शेवटी मीच काढली.

कोकणी_कंस: बरं, मॅस्टोडॉनपुरता हेल्पर मान्य, त्याचा पत्ता मलाही दोनदा चुकलाय. ट्विटरचा मात्र हातानंच टाकणार.

थीमवाला_बंड्या: टाका. पुन्हा नाव बदललं की मला फोन करू नका.