मदत हवी आहे: ऑक्टोबरात ब्लू रिज पार्कवे, आईला गाडी लागते

आई-बाबा सध्या आमच्याकडे आले आहेत. ऑक्टोबरच्या मध्यावर त्यांना अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरांतून जाणाऱ्या ब्लू रिज पार्कवे या रस्त्यावर पानांचे रंग दाखवायला न्यायचं आहे, पण आईला वळणांच्या रस्त्यावर हमखास गाडी लागते. वयस्कर मंडळींना घेऊन हा रस्ता कुणी केला असेल तर कृपया सांगा.

मागच्या खेपेला ते आले होते तेव्हा शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानातल्या स्कायलाइन ड्राइव्ह या डोंगरी रस्त्याला गेलो होतो. १०५ मैल, वेगमर्यादा ताशी ३५. मी ते सगळे मैल एकाच दिवसात संपवायला निघालो, तिथेच चुकलं. निम्म्या वाटेत आईचं बोलणं बंद झालं. आरशात बघितलं तर डोळे घट्ट मिटलेले, एका हाताने दाराची मूठ धरलेली, दुसऱ्या हातात कागदी पिशवी. पुढच्या थांब्यावर उतरवलं. ती दगडी कठड्यावर बसून चूळ भरत होती आणि पाठीमागे अख्खी दरी पिवळी-तांबडी झालेली. तिने मान वळवूनही बघितलं नाही. घरी आल्यावर म्हणाली, "तुमच्या फोटोंत बघितले ना रंग." ते अजून मनातून जात नाही. त्या दिवशी तिने गोळी घेतली होती, पण गोळीने तिला नुसती झोप येते.

पार्कवे एकूण ४६९ मैलांचा आहे. वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ४५, आणि रस्त्यावर पेट्रोल पंप एकही नाही. सगळा करायचा हट्ट मी सोडला आहे. त्याऐवजी उत्तर कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलमध्ये चार रात्री मुक्काम आणि रोज थोडंसंच फिरून परत, असं डोक्यात आहे. शहर साधारण २,१०० फुटांवर आहे. उत्तरेला क्रॅगी गार्डन्स (मैलाचा दगड ३६४) आणि तिथून पुढे माउंट मिचेल, ६,६८४ फूट. दक्षिणेला ग्रेव्हयार्ड फील्ड्स (४१८) आणि रिचलंड बाल्सम (४३१), पार्कवेवरची सगळ्यात उंच जागा, ६,०५३ फूट. रंग वरून खाली उतरत येतात, त्यामुळे वरची पानं झडून गेली असली तरी हजार-दोन हजार फूट खाली आलं की झाडं भरात सापडावीत. तारीख थोडी चुकली तरी चालेल ती या उंचीच्या फरकामुळे, म्हणूनच हा भाग निवडला.

आता खरे प्रश्न. क्रॅगीची बाजू आणि ग्रेव्हयार्ड फील्ड्सची बाजू यांत कमी वळणांची कुठली? नकाशावर दोन्हीकडे सारखाच गुंता दिसतो. आईचे गुडघे दुखतात, तेव्हा गाडीतून उतरल्या उतरल्या, पायऱ्या न चढता दरी दिसेल असे थांबे कुठले? २०२४ च्या सप्टेंबरमधल्या हेलीन वादळाने उत्तर कॅरोलायनातला बराच रस्ता वाहून गेला होता. पार्कच्या साइटवर कुठला तुकडा बंद, कुठला उघडा ते कळतंच, पण बंद तुकड्याला वळसा घालताना लागणारे खालचे रस्ते पार्कवेपेक्षा जास्त वळणांचे आहेत का, हे तिथून नुकत्याच जाऊन आलेल्यांनीच सांगावं. आणि माउंट मिचेलवर वारा कितपत असतो? तिथे खालच्यापेक्षा सात-आठ अंश सेल्सिअस तरी थंड असणार. बाबांना कानटोपी घातली की भागेल, आईला थंडी अजिबात सोसत नाही.

लिन कोव्ह व्हायाडक्ट (डोंगराच्या कडेने बांधलेला पूल, मैलाचा दगड ३०४) बघायची माझी फार इच्छा आहे, पण ते अ‍ॅशव्हिलपासून ऐंशी-नव्वद मैल. या खेपेला राहू दे.

अपडेट: सगळ्यांचे आभार. आईला पुढच्या सीटवर बसवा आणि तिला फोनमध्ये बघू देऊ नका, हे बऱ्याच जणांनी सांगितलं. मागच्या वेळी मीच तिला मागे बसवून फोटो दाखवत होतो. उतारावर सारखा ब्रेक न दाबता खालचा गिअर टाकून या, हेही पटलं. पुढे-मागे हिसके बसले की तिला जास्त मळमळतं. काल संध्याकाळी घराजवळच्या टेकडीवर तसं करून बघितलं. वीस मिनिटं गेलो, आई पुढे बसली होती आणि सगळा वेळ बोलत होती. दक्षिणेच्या बाजूबद्दल अजून कुणी लिहिलेलं नाही, त्याची वाट बघतो आहे.