शनिवारी निघालात तर नुसतं मैदान दिसेल

प्रेषक: सचिव
विषय: बलून फिएस्टा, आल्बुकर्की

मंडळी, नमस्कार.
न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीला ऑक्टोबरात गरम हवेच्या मोठ्या बलूनची जत्रा भरते, त्या बलून फिएस्टाला यंदा मंडळातर्फे जायचं ठरतंय. सात कुटुंबं, तीन आरव्ही (झोपायची सोय असलेल्या मोठ्या गाड्या). शनिवारी पहाटे फिनिक्सहून निघायचं, दुपारी पोचून मुक्काम टाकायचा, रविवारी दुपारी परत. शुक्रवारी रजा नाही, अशी बऱ्याच जणांची अडचण आहे. साताऱ्याला परत गेलेले आपले काका इथे असताना तिथे बलूनच्या क्रूमध्ये, म्हणजे पायलटच्या मदतनीसांत, काम करायचे, म्हणून त्यांनाही यात ओढतोय. काका, बेत बरोबर वाटतो का?

---

प्रेषक: काका, शाहूपुरी, सातारा

नाही वाटत.

बलून उडतात सकाळी सातच्या सुमारास, आणि दहाच्या आत सगळं आवरतं. दुपारी पोचणाऱ्याच्या वाट्याला ऊन, धूळ आणि खाण्याचे स्टॉल. म्हणजे तुमच्या हातात रविवारची एकच सकाळ, तीही वाऱ्याच्या मर्जीवर. जमिनीलगतचा वारा ताशी दहा-बारा मैलांच्या वर गेला की लाल झेंडा लागतो. मग पाचशेच्या वर बलून पिशवीतच राहतात आणि पायलट कॉफी पीत गप्पा मारतात. शुक्रवारीच पोचा, दोन सकाळी तरी हाताशी ठेवा. आणि ऑक्टोबरात अ‍ॅरिझोनाचं घड्याळ न्यू मेक्सिकोच्या एक तास मागे असतं, हे विसरून निघालात की तो तास रस्त्यातच गेला. रात्री उशिरा आरव्ही आत घेतात का, ते बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा. वीज-पाण्याच्या जोडणीशिवायच्या जागाही असतात, पैसे भरण्याआधी आपली कुठली ते बघा.

सकाळच का, तर बाहेरची हवा जितकी गार तितकं बलूनला बळ जास्त आणि गॅस कमी लागतो. ऊन चढलं की जमीन तापते, हवा उसळ्या मारायला लागते. पायलटच्या हातात वर जाणं आणि खाली येणं एवढंच. दिशा वारा ठरवतो. तिथे रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात पहाटेचा गार वारा खाली उत्तरेकडून दक्षिणेला वाहतो, आणि थोडं वर गेलं की उलटा. जमलं तर पायलट खालच्या वाऱ्याने जातो, बर्नर पेटवून वर चढतो आणि वरच्या वाऱ्याने निघाल्या जागेजवळ परत येतो. तिथले लोक याला ‘बॉक्स’ म्हणतात. १९७२ साली एका मॉलच्या पार्किंगमध्ये १३ बलूनवर सुरू झालेली जत्रा २००० साली हजाराच्या पुढे गेली, त्यात या वाऱ्याचं देणं मोठं आहे.

अंधार असतानाच मोजके बलून आधी उडतात, ती ‘डॉन पॅट्रोल’, म्हणजे पहाटेची गस्त. वरचा वारा कुठे नेतो ते त्यांच्याकडे बघून बाकीच्यांना कळतं. ते बघायचं तर साडेपाचला मैदानात हजर राहा. आखाड्याबाहेरून बघायचा प्रकार नाही, थेट बलूनच्या पायथ्याशी उभं राहता येतं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या वेशातले ‘झेब्रा’ खूण करेपर्यंत कुणी सुटत नाही. मुलांना सांगा, पायलटकडे जाऊन पिन (आठवणीचे बिल्ले) मागायच्या, लाजायचं नाही. ड्रोन आणि कुत्री घरी.

आणि एखाद्या क्रूने मदत मागितली तर मागे सरू नका. उतरल्यावर हवा काढून ते कापड पिशवीत भरायला दहा हातही कमी पडतात. ट्रंकेत गोधडी कोंबावी तसं, फक्त गोधडी सहामजली. माझ्या मते खरी मजा त्यातच आहे, फोटो सगळेच काढतात.

---

प्रेषक: खजिनदार

काका, शुक्रवारचं पटलं. आमचे बाबा सध्या साताऱ्यात सदर बझारला आहेत. ते विचारतायत, आपल्या कासला असलं काही का होत नाही? तंबू तर बामणोलीलाही लागतात.

---

प्रेषक: काका, शाहूपुरी, सातारा

बाबांना म्हणावं संध्याकाळी इकडे चहाला या, तोंडीच सांगतो. तोवर थोडक्यात: चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या का उभ्या केल्या? त्यांना जो वारा हवा, तोच बलूनला नको. पाचगणीला पॅराग्लायडिंग चालतं, कारण त्यांना डोंगरावर आदळून वर चढणारा वारा लागतो. बलूनवाला त्याला घाबरतो.

शिवाय उतरायचं कुठे? मोकळी सपाट जागा पाहिजे आणि बलूनच्या मागून पळणारी क्रूची गाडी पोचेल असा रस्ता पाहिजे. कासहून पश्चिमेला वाहत गेला तर कोयनेचं जंगल आणि शिवसागरचं पाणी. पूर्वेला आला तर ऊस आणि विजेच्या तारा. आणि फुलांच्या दिवसांत जिथे माणसालाही वाट सोडू देत नाहीत, तिथे वेताची टोपली घसरत उतरवणार? २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशात गेलं ते या फुलांसाठी. मला विचाराल तर तंबूही पठारापासून लांबच बरे.

---

प्रेषक: काका, शाहूपुरी, सातारा

यांच्याच आयडीवरून काकू लिहितेय. वाऱ्याचं झालं, पोटाचं कुणी बोललं नाही.

आल्बुकर्की आपल्या महाबळेश्वराहून उंच आहे, सोळाशे मीटरच्या आसपास. पाणी पंच्याण्णव अंशालाच उकळतं, पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. छोटा कुकर न्या. पहाटे पाच वाजता पोह्यांचा घाट घालू नका, घरूनच धपाटे आणि दशम्या करून न्या. एका सकाळी तिथला हिरव्या मिरचीचा बरीटो खाच, त्यावर आपला कांदा-लसूण मसाला नको, त्याची गरज पडत नाही. पहाटे हात गारठतात आणि दुपारी स्वेटर नकोसा होतो, तेव्हा मुलांना एकावर एक पातळ कपडे घाला. हातमोजे नेलेच पाहिजेत.

---

प्रेषक: सचिव

काका, काकू, आभार. बदललेला बेत असा: दोन आरव्ही शुक्रवारी सकाळी आठला निघतील. ज्यांना रजा नाही ते ऑफिस सुटल्यावर कारने, झोपायची सोय त्याच आरव्हींमध्ये. तिसरी आरव्ही चालवायला माणूस मिळालेला नाही. खजिनदार ‘मी चालवतो’ म्हणतायत, पण वहिनींचा ठाम विरोध आहे. कुणी तयार असेल तर बुधवारपर्यंत कळवा, नाहीतर तिसरीचं बुकिंग रद्द करतो.