मटण घेताना दुकानदाराला नक्की काय सांगायचं? मदत हवी आहे

मंडळी, मला मटण खाता येतं, आणता येत नाही. आमच्याकडे हे खातं कायम बाबांचं, रविवारी आम्ही उठेपर्यंत हळद-मीठ चोळून तयार. आता मी कोथरूडला वेगळा राहतो आणि फोनवर विचारलं की ते म्हणतात "बघून कळतं रे". काय बघून??

गेल्या रविवारी अर्धा तास रांगेत उभा, नंबर आल्यावर तो विचारतो रस्स्याला का सुक्याला, मागे आठ जणं खोळंबलेली, मी घाबरून म्हणालो "चांगलं द्या". त्याने मांडीचं किलोभर दिलं, हाडं कमी, चरबी जवळजवळ नाहीच, मी खूश. घरी कुकरला धडाधड सहा शिट्ट्या काढल्या आणि पीस तोंडात टाकला तर सुतळी! त्याआधी एकदा मिक्स आणलेलं त्यातले मानेचे पीस तेवढ्याच शिट्ट्यांत हाडापासून बोटाने सुटत होते. असं का? गटारीला चार मित्र येणारेत, रस्सा आणि थोडं सुकं करायचंय, काय मागू?

उत्तर: अहो, बिनचरबीचं म्हणजे चांगलं हे डोक्यातून काढा आधी. मान, सीना (म्हणजे छाती), पुढचा पाय यात चिवट पडदे जास्त असतात, ते मंद आचेवर विरघळतात आणि त्याचं जिलेटिन होतं, म्हणून तर रस्सा ओठाला चिकटतो. मांडीत ते कमी, फटाफट शिट्ट्या दिल्या की पाणी सुटून कोरडी पडते, तिचा खिमा करा सरळ. रस्स्याला मान-सीना आणि नळ्या (आत मगज असलेली पोकळ हाडं), सुक्याला चाप (बरगड्यांचे पीस) आणि पुढचा पाय. एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून 20-25 मिनिटं, मग दाबून बघा. मटण आदल्या दिवशी आणून फ्रीजमध्ये ठेवा, अगदी ताजं कापलेलं काही तासांत आखडतं, नंतर सैल होतं. कच्च्या पपईचा कीस लावलात तर अर्ध्या तासावर नको, पीठ होतं. कलेजी घेतलीत तर सगळ्यात शेवटी टाका, नाहीतर रबर.

धागाकर्ता: लिहून घेतलं, शनिवारीच जातो. नळी तो फोडून देतो का अख्खी मागू?

उत्तर: अख्खी नको, दोन तुकडे करून घ्या. आणि ताटावर आपटायची तयारी ठेवा, खालच्या मजल्यावर कोण राहतं?