मदत हवी आहे : बाबांच्या एमआरआयमध्ये कार्डियाक फायब्रोसिस (हृदयाच्या स्नायूत चट्टा), आयसीडी (जीवघेणे ठोके शॉक देऊन थांबवणारं यंत्र) लगेच बसवावं का?

बाबा ६४ वर्षांचे. बीपी बरीच वर्षं आहे. शुगर नाही, तंबाखू-सिगारेट नाही. दिवाळीनंतर जिना चढताना दम लागायला लागला, रात्री आडवं पडलं की खोकला. टूडी इकोत ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर टाकतं ते) ३० टक्के. अँजिओग्राफी एकदम क्लिअर, म्हणून आम्ही हुश्श केलं, तर कार्डियाक एमआरआयमध्ये ‘मिड-वॉल लेट गॅडोलिनियम एन्हान्समेंट’ आलं, म्हणजे हृदयाच्या भिंतीच्या मधल्या थरात चट्टा.

ओपीडीत घाईघाईत कळलं ते इतकंच : स्नायूंच्या मेलेल्या पेशींच्या जागी कोलॅजेनचा चट्टा भरतो. तो आकुंचन पावत नाही, आणि हृदयातली वीज त्याला वळसा घालून फिरत राहिली तर ठोके एकदम जीवघेण्या वेगाने पडू शकतात.

सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन सुरू आहेत. आमचे डॉक्टर म्हणतात, तीन महिन्यांनी पुन्हा इको करू, ईएफ ३५च्या वर गेला नाही तर आयसीडी. सेकंड ओपिनियनवाले म्हणतात, चट्टा दिसतोय तर थांबू नका. खर्च लाखांत, पण प्रश्न तेवढाच नाही. चट्टा गोळ्यांनी जातो का? आणि जाणार नसेल तर थांबायचं कशासाठी?

बाकी पथ्य कडक चालू आहे. लो सोडियम मीठ आणलंय, आत्या रोज शहाळं पाठवते.

प्रतिसाद :
आधी ते शहाळं आणि ते मीठ बंद करा! दोन्हींत पोटॅशियम भरपूर, आणि स्पायरोनोलॅक्टोन व सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन दोन्ही ते रक्तात वाढवतात. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) उद्याच तपासा. मीठ साधंच, पण कमी.

एमआरआयवर असा ठळक दिसणारा चट्टा सहसा जात नाही. पण पेशींच्या मधल्या जागेत पसरलेलं बारीक फायब्रोसिस औषधांनी थोडंफार कमी होऊ शकतं, आणि उरलेला स्नायू सावरला की ईएफ चढतो. तीन महिने त्यासाठीच असतात. डेन्मार्कमध्ये ब्लॉकेज नसलेल्या अशाच पेशंट्सवर २०१६ साली प्रसिद्ध झालेली ‘डॅनिश’ चाचणी आहे : आयसीडीने अचानक मृत्यू साधारण निम्म्यावर आले, एकूण मृत्यूंत मात्र ठळक फरक पडला नाही, तरुण रुग्णांना फायदा जास्त दिसला. त्यामुळे दोन्ही डॉक्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बाबा कधी शुद्ध हरपून पडलेत का? होल्टर (अंगावर लावून दिवसभर ठोके नोंदवणारा ईसीजी) झालं का? घरात कुणी अचानक गेलंय का?

धागाकर्ती :
शहाळं बंद. आत्या रुसलीय, पण ते बघू. बाबा कधी पडले नाहीत. होल्टर कुणी सांगितलंच नाही. आजोबा मात्र पन्नाशीतच झोपेत गेले. हे डॉक्टरांनी विचारलं नव्हतं, आम्हालाही सुचलं नाही. त्याचा इथे संबंध असतो का?

प्रतिसाद :
असू शकतो, आणि फोन करून आजच सांगा. मिड-वॉल चट्टा आणि घरात असा मृत्यू म्हटल्यावर आनुवंशिक कार्डिओमायोपॅथीचा (हृदयाच्या स्नायूच्या आजाराचा) विचार करावाच लागतो. जनुकीय चाचणीबद्दल विचारा. लॅमिन नावाच्या जीनमध्ये दोष निघाला तर आयसीडीचा निर्णय नुसत्या ईएफवर ठरत नाही. आणि तुम्ही भावंडांनीही एकदा ईसीजी-इको करून घ्या, काही त्रास नसला तरी.