मदत हवी आहे: घरात लावलेल्या मिरचीची फुलं देठासकट गळतायत

नमस्कार. आम्ही देवगडजवळ राहतो. घर कौलारू, पुढे खळं, मागे परडं. प्रश्न मिरचीचा आहे, आणि ती परड्यात नाही, घरात आहे.

आमच्याकडे एक गावठी मिरची पिढीजात चालत आलीय. दोन पेरांएवढी, आभाळाकडे तोंड करून लागते, दिसायला लवंगीसारखी पण सालीला जाड. आम्ही तिला नुसती 'घरची मिरची' म्हणतो. भात कापलं की परड्यात वाफे करायचे, थंडीत रोपं लावायची, उन्हाळ्यात तोडायची, सासूबाई दरवर्षी त्यातलंच बी धरायच्या. गेली दोन वर्षं माकडांच्या टोळ्या परड्यात उतरतात आणि कोवळी रोपं मुळासकट उपटून टाकतात. जाळी लावली, ती फाडली. शेवटी हातात राहिल्या तीन सुकलेल्या मिरच्या. आपल्याकडच्या दमट हवेत मिरचीचं बी फार वर्षं टिकत नाही, म्हणून यंदा ठरवलं, घरात लावायचं.

मार्चअखेर पंचवीस बिया टाकल्या. नवव्या दिवशी पहिला कोंब दिसला, एकूण अकरा उगवल्या. त्यातली चार रोपं जमिनीलगत पाण्यात भिजल्यासारखी मऊ पडून कोलमडली. सात राहिली. मे महिनाभर खळ्यात होती, छान वाढली. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर आत घेतली. पडवीला झापं बांधल्यामुळे तिथे भर दुपारीही अंधार असतो, म्हणून माजघरात दक्षिणेच्या खिडकीपाशी ठेवलीत. वर एक काचेचं कौल आहे. शिवाय 20 वॅटची पांढरी एलईडी ट्यूब अडीच फुटांवर टांगलीय, संध्याकाळी 6 ते 10 लावते. कुंड्या 8 इंची. रोज सकाळी तांब्याभर पाणी, आठवड्यातून एकदा भिजवलेल्या शेंगदाणा पेंडीचं पाणी.

झाडं हिरवीगार आहेत, पण उंचच उंच गेलीत. फुलं भरपूर येतात. उमललं की दोन-तीन दिवसांत देठ सांध्यापाशी पिवळा पडतो, बोट लावलं की फूल देठासकट हातात येतं. आज सकाळी खिडकीच्या कट्ट्यावरून एकोणीस फुलं गोळा केली. एकही मिरची धरलेली नाही.

शिवाय पानांच्या मागे बारीक खरखरीत दाणे आलेत, मीठ भुरभुरल्यासारखे. भिंगातून पाहिले, हलत नाहीत. आणि इथे पावसात लाईट दीड-दीड दिवस जाते, तेव्हा ट्यूब बंदच असते. त्यानं फुलं गळत असतील का?

सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळाबरोबर दुसरी मिरची पडली की त्यांना एका घासात कळतं. रोज संध्याकाळी खिडकीशी येऊन विचारतात, "धरली काय गो येक तरी?" कृपया कुणीतरी नीट सांगा.

जांभ्याची_माती:
ताई, झाडं निरोगी आहेत, आधी ती काळजी सोडा. उंच गेलीत ती उजेड शोधत. पावसाळ्यात आपल्या खिडकीतून येणारा उजेड आपल्या डोळ्यांना पुरतो, मिरचीला नाही. तिला बाहेर सहा-आठ तास ऊन लागतं. ट्यूब खाली आणा, शेंड्यापासून वीतभर अंतरावर. एलईडी तापत नाही, पान करपणार नाही. एकाऐवजी दोन ट्यूब लावा आणि सकाळी 6 ते रात्री 8 चालू ठेवा. महागडे जांभळे दिवे घेऊ नका, साधा पांढरा उजेड चालतो. झाडांच्या मागे, खिडकीकडे तोंड करून, पांढरा कागद किंवा चुना लावलेला पुठ्ठा उभा केलात तर बराच उजेड परत झाडावर पडेल.

लाईट गेल्याची चिंता नको. मिरचीचं फुलणं दिवसाच्या लांबीवर फारसं अवलंबून नसतं. एखाद-दुसरा दिवस अंधार गेला म्हणून बिघडत नाही, रोजचाच उजेड कमी असेल तर बिघडतं.

पेंडीचं पाणी आजच बंद. नत्र जास्त झालं की झाड पाला वाढवतं आणि फुलं टाकून देतं. त्याऐवजी महिन्यातून एकदा कुंडीमागे चमचाभर चुलीची राख मातीत मिसळा, पालाश (पोटॅश) मिळेल. आणि रोज पाणी कशाला? पेरभर बोट मातीत घाला, कोरडं लागलं तरच घाला. ते दाणे कीड नाहीत. मुळं पाणी ओढतात, हवा इतकी ओलसर की पानातून ते बाहेर जात नाही, मग पानाच्या पेशी फुगून फुटतात आणि तिथे खपली धरते. आलेले दाणे जाणार नाहीत, नवी पानं मात्र स्वच्छ येतील. रोपं कोलमडली तीही जास्त ओलीमुळेच, मातीतल्या बुरशीनं.

कुंडी 8 इंची लहान आहे. रंगाचा 10 लिटरचा रिकामा डबा धुऊन, तळाला भोकं पाडून घ्या. पण आता फुलांवर असताना बदलू नका.

खाडीपलीकडे:
वरचं सगळं बरोबर, पण मुख्य गोष्ट राहिली. घरात वारा नाही! मिरचीच्या फुलात नर-मादी दोन्ही असतात, मधमाशी नसली तरी चालतं, पण फूल हलायला तर हवं. त्यात आपली हवा दमट. सकाळी दहाच्या सुमारास फुलाच्या आत बघा, मधल्या दांडीभोवती निळसर-जांभळे परागकोष असतात. ते उकलून पिवळट भुकटी दिसली पाहिजे. काळ्या कापडावर फूल टिचकी मारून झटका, काही पडलं नाही तर पराग चिकटून बसलाय. सकाळी दोन-तीन तास टेबलफॅन हळू लावा, मग प्रत्येक फुलाच्या देठाला टिचकी मारा. मी इलेक्ट्रिक टूथब्रशची मागची बाजू देठाला टेकवते, अगदी छान काम होतं.

परसदार:
माकडांचा त्रास आमच्याकडेही तोच. बी गेलंच तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण कीर्ती' आहे, पण तुमची जात वाचवणं जास्त मोलाचं आहे, असं मला मनापासून वाटतं. एक सांगतो. पंखा लावल्यावरही शेंड्यांकडे लक्ष ठेवा. पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी नावाची बारीक कीड. घरात दोन्ही फार झपाट्यानं वाढतात. निंबोळी तेल 5 मिली, लिटरभर पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी पानांच्या मागून फवारा. उमललेल्या फुलांवर नको.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. ट्यूब खाली आणली, दुसरी आणायला सांगितलीय. काळ्या परकराच्या तुकड्यावर पाच फुलं झटकली. चारांतून काहीच पडलं नाही, पाचव्यातून चिमूटभरही नाही, पण पडलं. पेंड बंद केली. पाणी कमी करणं सासूबाईंना पटत नाही, त्यांच्या मते झाड तहानलं की घर तहानतं. त्यांना मातीत बोट घालायला दिलं, तेव्हा म्हणाल्या, "आत चिखल आसा गो."

मूळ प्रश्नकर्ती (अठरा दिवसांनी):
धरली! तीन नंबरच्या झाडावर आधी वाटलं, हेही फूल सुकलं. पाकळ्या तपकिरी होऊन गोळा झाल्या होत्या, पण देठ हिरवा आणि जाड राहिला. दुसऱ्या दिवशी पाकळ्यांचं ते कडं खाली सरकलं आणि आतून टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी मिरची वर आली. आज त्या झाडावर चार आहेत, पाच नंबरवर दोन. बाकीच्या झाडांची फुलं अजून गळतात, पण निम्म्यानं कमी. नवी पानं मागून गुळगुळीत आहेत. सासूबाईंना हात धरून आणलं, त्यांनी चष्मा पुसून बघितलं आणि बोटानं मोजल्या.

आता पुढचं विचारते. बी धरायला मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यायची आणि सावलीत सुकवायची, हे माहीत आहे. घरात दुसऱ्या जातीची मिरची नाही, त्यामुळे मिसळ होण्याची भीतीही नाही. पण सगळं बी एकाच झाडाचं धरावं की सातही झाडांवर धरेपर्यंत थांबून प्रत्येकाचं थोडं थोडं घ्यावं? ज्यांनी घरचं बी बरीच वर्षं राखलंय त्यांनी सांगा.

परसदार:
थांबा. शक्य तितक्या झाडांचं घ्या. एकाच झाडाचं धरलंत तर त्या एका झाडात जे आहे तेवढंच पुढे जाईल, बाकीच्या सहांतलं सुटेल. तोपर्यंत तीन नंबरची पहिली लाल मिरची सुकवून चुलीच्या राखेत घालून बरणीत ठेवा. बरणीवर झाडाचा नंबर आणि तारीख लिहा.