चक्कर आली की बीटाहिस्टिनच का?

लातूरकर:
चक्कर येते म्हणून कोणी दवाखान्यात गेले, की रक्तदाब पाहून बीटाहिस्टिन लिहून दिले जाते आणि पुढे तीच जुनी चिठ्ठी दाखवून त्या गोळ्या वर्षानुवर्षे आणल्या जातात, हे मला अजिबात पटत नाही. कूस बदलताना किंवा फळीवरचा डबा काढायला मान वर करताना काही सेकंद घर गरगर फिरत असेल, तर बहुधा आतल्या कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण सरकून अर्धवर्तुळाकार नलिकेत गेलेले असतात. ते कोणतीही गोळी जागेवर नेत नाही. रुग्णाची मान वळवून त्याला झटकन आडवे करायचे, बुबुळांची थरथर पाहायची आणि मग कण जागेवर नेण्यासाठी एप्ली या डॉक्टरांच्या पद्धतीने डोके टप्प्याटप्प्याने फिरवायचे. त्याला यंत्र लागत नाही, पलंग पुरतो.

गोदाकाठ, नांदेड:
हे त्या एका आजारापुरते खरे आहे. माझ्या आईला मेनियरचा, म्हणजे आतल्या कानाचा, आजार आहे. कानाला दडे बसतात, कानात शिट्टी वाजत राहते आणि चक्कर सुरू झाली की उलट्यांमुळे दोन-तीन तास उशीवरून डोके उचलवत नाही. बीटाहिस्टिन सुरू केल्यापासून हे झटके विरळ झाले, शिवाय चक्करेवरच्या इतर काही औषधांसारखी गुंगी येत नाही, ही रानात राबणाऱ्या बाईसाठी लहान गोष्ट नव्हे.

लातूरकर:
आईंना आराम पडला याचा आनंदच आहे. मात्र मेनियरचे झटके काही काळाने आपोआपही ओसरतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील चाचणीत मेनियरच्या २२१ रुग्णांपैकी काहींना दिवसाला ४८, काहींना १४४ मिलिग्रॅम बीटाहिस्टिन आणि उरलेल्यांना औषध नसलेली गोळी नऊ महिने दिली, तेव्हा तिन्ही गटांतील झटके सारखेच कमी झाले.

गोदाकाठ, नांदेड:
त्याच वर्षी कॉक्रेन या संस्थेने अनेक चाचण्या एकत्र तपासून केलेल्या आढाव्याने, पुरावा कच्चा असल्याचे नोंदवूनही, चक्कर कमी होण्यास या औषधाचा उपयोग होत असावा असे म्हटले आहे. तांड्यावरच्या माणसाला कानाच्या तज्ज्ञासाठी अंबाजोगाई किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय गाठावे लागते आणि त्यात रोज बुडतो. तोवर त्याने काय करावे?

परभणीकर:
दमा किंवा पोटात व्रण असेल तर हे औषध जपून द्यावे लागते, तेव्हा जुन्या चिठ्ठीवर ते आणणे मलाही धोक्याचे वाटते. चक्करेबरोबर जीभ अडखळली किंवा हातातले बळ गेले, तर गोळीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

लातूरकर:
तज्ज्ञ दूर आहे, म्हणूनच ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातच झाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. आपल्या आईंची गोळी बंद करा, असे मी म्हटलेले नाही. पण ज्याला फक्त कूस बदलताना चक्कर येते, त्याला तीच गोळी वर्षभर का घ्यायला लावायची?